दुकान बुडालं, घोडा लिलावात गेला. तरुण लिंकनने ११०० डॉलरचं कर्ज कसं फेडलं?

अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आपल्याकडे कितीतरी शाळांच्या भिंतीवर लावलेलं असतं. वसंत बापटांच्या मराठी शब्दांमुळे ते गावोगाव पोचलं. गंमत अशी की ते पत्र खरोखर लिंकनने लिहिल्याचा पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही. त्याच्या तरुणपणाचे जे कागद खरोखर सापडले, त्यांत उधारीच्या चिठ्ठ्या आहेत आणि कोर्टातले दावे आहेत. त्या कागदांतला लिंकन पंचविशीतला आहे. त्याचं दुकान बुडालंय, भागीदार मेलाय आणि ज्या घोड्यावर बसून तो चार पैसे मिळवतो, तो घोडाही सरकारने जप्त केलाय.

ही हकीकत त्या दिवसांची.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या एका खोलीच्या खोपटात. बाप थॉमस लिंकन शेतकरी आणि सुतार. त्या भागात जमिनीच्या मोजण्या अंदाजपंचे झालेल्या, एकाच तुकड्यावर दोन-दोन मालक कागद घेऊन उभे राहायचे. या हद्दीच्या आणि मालकीच्या भांडणात थॉमसच्या हातची जमीन गेली आणि १८१६ साली हे कुटुंब इंडियाना राज्यात जंगल तोडून राहायला गेलं. दोन वर्षांनी लिंकनची आई वारली. विषारी झुडूप खाल्लेल्या गाईचं दूध पिऊन होणारा एक आजार तिकडे होता, त्यात ती गेली. लिंकन तेव्हा नऊ वर्षांचा. पुढच्या वर्षी सावत्र आई आली, आणि तिने या पोराला जीव लावला. शाळा म्हणाल तर सगळे दिवस मिळून वर्षभरसुद्धा भरणार नाहीत. बाप त्याला शेजाऱ्यांच्या शेतात मजुरीला धाडायचा आणि मजुरी स्वतः घ्यायचा. एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाची कमाई बापाची, असा तिथला कायदाच होता.

१८३० मध्ये घर इलिनॉय राज्यात आलं. पुढच्याच वर्षी लिंकन बापापासून वेगळा झाला. डेंटन ऑफट नावाच्या एका व्यापाऱ्याचा माल नावेने न्यू ऑर्लिन्सला पोचवायचं काम त्याने केलं. जाताना ती नाव सँगमन नदीवर न्यू सेलम गावाच्या बंधाऱ्यात अडकली होती. लिंकनने ती शिताफीने सोडवली, आणि ऑफटने ठरवून टाकलं की याच गावात दुकान काढायचं आणि या लांबटांग्या पोराला त्यात कामाला ठेवायचं. पगार महिना १५ डॉलर, झोपायला दुकानाची मागची बाजू.

न्यू सेलम म्हणजे नदीकाठच्या टेकाडावरचं वीस-पंचवीस घरांचं गाव. एक गिरणी, दोन-तीन दुकानं, एक लोहार, एक खानावळ. वर्ष व्हायच्या आत ऑफटचं दुकान बसलं आणि लिंकन बेकार झाला. मग १८३२ च्या उन्हाळ्यात ब्लॅक हॉक नावाच्या आदिवासी सरदाराविरुद्ध सरकारने स्वयंसेवक गोळा केले, त्यात तो गेला. लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. परत आल्यावर राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवली आणि पडला. पण आपल्या गावच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याला पडली होती. खिशात दमडी नसलेल्या आणि गावात येऊन वर्षच झालेल्या माणसाला इतकी मतं! ही माणसं पुढे त्याला कशी उपयोगी पडली ते ओघात येईलच.

भांडवल नाही, नुसत्या चिठ्ठ्या

निवडणुकीनंतर काय करायचं, हा प्रश्न होता. लोहारकाम शिकावं असं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात गावातल्या एका दुकानातला अर्धा हिस्सा विकायला निघाला. लिंकनकडे पैसे नव्हते. पण मालकाने त्याच्याकडून नुसती चिठ्ठी लिहून घेतली, इतके डॉलर पुढे देईन अशी. आणि लिंकन दुकानदार झाला. दुसऱ्या अर्ध्या हिश्श्याचा मालक विल्यम बेरी, एका धर्मोपदेशकाचा मुलगा, युद्धात त्याच्याच तुकडीत होता.

इथवर ठीक होतं. घोळ झाला तो १८३३ च्या सुरुवातीला. गावातल्या दुसऱ्या एका दुकानाची, रूबेन रॅडफर्डच्या दुकानाची, टवाळ पोरांनी रात्री मोडतोड केली. कंटाळलेल्या रॅडफर्डने सगळा माल विल्यम ग्रीन नावाच्या तरुणाला ४०० डॉलरच्या चिठ्ठीवर देऊन टाकला. ग्रीनने त्याच दिवशी तो माल नफा चढवून लिंकन आणि बेरीला विकला, तोही बराचसा चिठ्ठ्यांवरच. म्हणजे पहिलं दुकान चाललंय की नाही हे कळायच्या आत दोघांनी दुसऱ्या दुकानाचा माल उधारीवर उचलला. इतक्याशा गावात गिऱ्हाईक किती? आणि त्या गिऱ्हाइकाकडे तरी रोकड कुठे होती? लोक अंडी, लोणी, मध, कातडी घेऊन यायचे आणि साखर, मीठ, कॉफी, कापड घेऊन जायचे. उरलेलं वहीत मांडायचं.

दुकानाकडे लक्ष कुणाचंच नव्हतं, हेही सांगायला हवं. बेरीला दारूचा नाद. लिंकनला पुस्तकांचा. गिऱ्हाईक उभं असताना हा झाडाखाली पाय वर टाकून वाचत पडलेला असायचा, असं गावातल्या जुन्या लोकांनी पुढे सांगितलं. वर्ष-सव्वा वर्षात दुकान संपलं. उरलेला माल ट्रेंट आडनावाच्या दोघा भावांना दिला, तोही त्यांच्या चिठ्ठीवर. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ते दोघे भाऊ गाव सोडून पसार झालेले होते.

आता या चिठ्ठ्यांची गंमत समजून घ्यायला हवी. चिठ्ठी ज्याच्या नावाने लिहिली त्याच्याकडेच ती राहायची असं नाही. त्याला पैशांची नड पडली की तो ती तिसऱ्याला विकायचा, तिसरा चौथ्याला. त्यामुळे ज्याच्याशी आपण व्यवहार केला तो ओळखीचा, समजून घेणारा असला तरी प्रत्यक्षात वसुलीला येणारा माणूस भलताच असू शकतो. लिंकनच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

१० जानेवारी १८३५ ला बेरी वारला. मागे ठेवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. भागीदारीचा नियम तेव्हाही आजच्यासारखाच होता, एकाने नाही दिलं तर सगळं दुसऱ्याच्या अंगावर. सगळा हिशेब धरून लिंकनच्या डोक्यावर सुमारे ११०० डॉलर बसले.

किती होते म्हणायचे हे पैसे? ऑफटच्या दुकानातल्या पगाराने मोजले तर सहा वर्षांचा अख्खा पगार. जमिनीत मोजले तर त्या काळी सरकार आपली पडीक जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत होतं. म्हणजे ८८० एकर जमिनीची किंमत, आणि ती देणाऱ्याकडे स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती. लिंकनने या कर्जाला एक नाव पाडलं होतं. मित्रांत बोलताना तो त्याला राष्ट्रीय कर्ज म्हणायचा. देशाच्या तिजोरीवर असतं तेवढं आपल्या एकट्यावर आहे, अशी थट्टा. थट्टा असली तरी हे देणं कधी फिटेल असं त्याला वाटत नव्हतं, हे त्यानेच पुढे एका मित्राला सांगितलं.

पळून जाणं तेव्हा सोपं होतं. पश्चिमेला मैलोन् मैल नवा मुलूख पडला होता. रात्रीतून सामान बांधून पलीकडच्या राज्यात जायचं, तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नसायचं. ट्रेंट बंधूंनी तेच केलं आणि असं करणारे बरेच होते. लिंकन गेला नाही. धनकोंकडे स्वतः जाऊन तो बोलला की मला वेळ द्या, माझा पोटापुरता खर्च वजा जाता जे उरेल ते तुमचं. बहुतेकांनी ऐकलं. सगळ्यांनी नाही.

टोपीतलं टपाल आणि ढोपरावरचं कातडं

पोटापुरतं कुठून आणायचं? दुकानाची धुगधुगी होती तेव्हाच, ७ मे १८३३ ला, त्याला गावचा पोस्टमास्तर नेमलं गेलं. काम फार नव्हतं, मिळकतही नाही. टपालाच्या उत्पन्नावर दलाली मिळायची. एका वर्षी ती ५५ डॉलर ७० सेंट इतकी झाली. फक्त त्यावर कर्ज फेडायचं म्हटलं असतं तर, काही न खाता-पिता, वीस वर्षं लागली असती.

पण पोस्टमास्तरकीचे दोन फायदे होते. एक, गावात येणारी सगळी वर्तमानपत्रं फुकट वाचायला मिळायची. दुसरा, माणसं भेटायची. तेव्हा टपालखर्च पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे. तीस मैलांच्या आतल्या एका कागदाला ६ सेंट, चारशे मैलांपलीकडून आलेल्याला २५ सेंट. पत्र नेायला कुणी आलं नाही तर लिंकन ते आपल्या उंच टोपीत टाकून त्याच्या घरी नेऊन द्यायचा. मधल्या वेळात कुंपणासाठी लाकडं फोडायची, कुणाच्या पिकाची कापणी, गिरणीवर हात लावायचा, निवडणुकीच्या दिवशी कारकुनी करायची. मिळेल ते काम.

खरी कमाई सुरू झाली ती जमीन मोजणीतून. तालुक्याचा मोजणीदार जॉन कॅल्हून याला मदतनीस हवा होता. कॅल्हून विरोधी पक्षाचा, तरी त्याने लिंकनला विचारलं. लिंकनला मोजणीतलं काही येत नव्हतं. त्याने दोन पुस्तकं मिळवली, गावचे मास्तर मेंटर ग्रॅहम यांची मदत घेतली आणि सुमारे सहा आठवडे रात्री जागून गणित पक्कं केलं. होकायंत्र आणि साखळी उधारीवर घेतली. घोडाही उधारीवरच. म्हणजे कर्ज फेडण्यासाठी आणखी थोडं कर्ज. हे वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल, पण या कर्जात आणि दुकानाच्या कर्जात फरक होता. साखळी रोज कामाला लागणार होती.

मोजणीची ती साखळी ६६ फुटांची असायची. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे त्या साखळीच्या बरोबर निम्म्यावर. माप इंग्रजांकडूनच दोन्हीकडे गेलेलं. बापाची जमीन ज्या चुकीच्या मोजणीत गेली, तेच काम आता मुलगा करत होता. त्याच्या मोजणीत वाद निघत नाही अशी ख्याती झाली, आणि हद्दीच्या भांडणात लोक त्यालाच बोलवायला लागले. १६० एकरांच्या तुकड्याला अडीच डॉलर असा दर होता.

सुरुवातीच्या एका मोजणीचे पैसे त्याला रोख मिळालेच नाहीत. शेतकऱ्याने हरणाची दोन कातडी दिली. काट्याकुट्यांतून साखळी ओढून लिंकनच्या विजारी फाटलेल्या असायच्या. ती कातडी घेऊन तो हॅना आर्मस्ट्राँगकडे गेला. तिने ती विजारीच्या पुढच्या बाजूला ठिगळासारखी शिवून दिली. हॅनाचा नवरा जॅक म्हणजे त्या भागातला नामांकित पैलवान. लिंकन गावात नवा होता तेव्हा त्याच्याशी जंगी कुस्ती झाली होती आणि तेव्हापासून दोघे जिवलग दोस्त. काम नसेल तेव्हा लिंकन आठवडाभरसुद्धा आर्मस्ट्राँगच्या घरी राहायचा. हॅना भाकरतुकडा द्यायची, कपडे शिवायची, आणि हा तिच्या पोराचा पाळणा हलवत बसायचा. त्या काळात लिंकनचं स्वतःचं घर असं नव्हतंच. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. बदल्यात तो त्यांची लाकडं फोडायचा, पत्रं लिहून द्यायचा, कोर्टाचे कागद वाचून दाखवायचा.

काटकसरीवरच्या पुस्तकांत लिंकन एकट्याच्या जिद्दीने कर्जमुक्त झाल्यासारखा रंगवलेला असतो. ते अर्धंच खरं. घरभाडं आणि जेवण यांचा बोजा गावाने उचलला नसता तर धनकोला द्यायला त्याच्याकडे उरलं काय असतं?

ऑगस्ट १८३४ मध्ये तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला आणि या वेळी निवडून आला. आमदारच झाला म्हणा ना. पण राजधानीला, व्हँडेलियाला, जायला नेसूचे धड कपडे नव्हते. कोलमन स्मूट नावाच्या सधन शेतकऱ्याकडून त्याने २०० डॉलर उसने घेतले. त्यातले काही जुन्या देण्याला गेले आणि साधारण ६० डॉलरचा सूट शिवला. आयुष्यातला पहिला बरा पोशाख. स्मूटचे पैसे त्याने पुढे चुकते केले.

जप्ती

आणि याच सुमारास जप्ती आली. दुकानाची एक चिठ्ठी फिरत फिरत पीटर व्हॅन बर्गन या माणसाकडे गेली होती. त्याला थांबायचं नव्हतं. त्याने दावा लावला, निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि सरकारी माणसाने येऊन लिंकनचा घोडा, खोगीर, लगाम, होकायंत्र आणि साखळी ताब्यात घेतली. कायद्याने यात चूक काही नव्हती. पण ज्याच्या जोरावर तो थोडेथोडे पैसे देत होता तेच उचलून नेल्यावर पुढचे पैसे येणार कुठून? बैलजोडी ओढून नेल्यावर नांगरट कशी व्हायची, तसाच हा प्रकार. लिंकन पार खचला होता, लिलावाला तो गेलासुद्धा नाही.

गावापासून काही मैलांवर जेम्स शॉर्ट नावाचा शेतकरी राहायचा. लोक त्याला जिमीकाका म्हणायचे. लिंकनने त्याच्या शेतावर मक्याच्या कापणीला काम केलेलं. तो कुणाला काही न बोलता लिलावाला गेला, बोली लावली, १२० डॉलरला सगळं सामान घेतलं आणि आणून लिंकनच्या हवाली केलं. लिखापढी नाही, मुदत नाही, व्याज नाही. मोजणी परत सुरू झाली. शॉर्टचे पैसेही यथावकाश परत गेले.

लिंकनच्या प्रामाणिकपणाच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या जातात. चार-सहा सेंट जास्त घेतले म्हणून कोसभर चालत परत द्यायला गेला वगैरे. त्यातल्या काही खऱ्या असतील, काही मागाहून रंगवलेल्या. एक गोष्ट मात्र या काळाशी नेमकी जोडलेली आहे. १८३६ च्या मे महिन्यात न्यू सेलमचं टपाल कार्यालय बंद झालं. सरकारचे पंधरा-वीस डॉलर लिंकनकडे शिल्लक राहिले आणि ते न्यायला बरेच दिवस कुणी आलं नाही. आलं तेव्हा लिंकन स्प्रिंगफील्डमध्ये हलाखीत राहत होता. त्याच्या डॉक्टर मित्राला वाटलं, याच्याकडे कुठून असणार एवढे पैसे, आपणच देऊन टाकावेत. लिंकनने पेटीतून एक जुना मोजा काढला आणि त्यातली नाणी टेबलावर ओतली. लोकांनी टपालासाठी दिलेली तीच नाणी, मोजून तेवढीच. 

१८३४ च्या निवडणुकीच्या प्रचारातच जॉन स्टुअर्ट या वकिलाने त्याला कायदा शिकायला सांगितलं. पुस्तकं आणायला लिंकन वीस मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला जायचा, पुष्कळदा पायीच. सप्टेंबर १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळाली. १५ एप्रिल १८३७ ला तो उसन्या घोड्यावर बसून स्प्रिंगफील्डला कायमचा राहायला आला. सगळा संसार खोगिराच्या दोन पिशव्यांत. जोशुआ स्पीडच्या दुकानात जाऊन त्याने एका माणसापुरत्या गादी-पांघरुणाची किंमत विचारली. १७ डॉलर. लिंकनने सांगितलं की भाव रास्त आहे, पण माझ्याकडे नाहीत. नाताळपर्यंत उधार द्या, वकिली चालली तर देईन, नाही चालली तर बहुतेक कधीच देऊ शकणार नाही. असं सांगून उधारी मागणारा गिऱ्हाईक स्पीडने पाहिला नसावा. त्याने माडीवरची आपली मोठी खाट दाखवली आणि म्हणाला, इथेच राहा. लिंकन वर गेला, पिशव्या टाकल्या आणि हसत खाली आला. जवळजवळ चार वर्षं तो तिथे बिनभाड्याने राहिला. जेवणाची सोय विल्यम बटलर या ओळखीच्या गृहस्थाने आपल्या घरी केली, तीही पैसे न घेता.

वकिली चालली, पण हळूहळू. बऱ्याच खटल्यांची फी ५ डॉलर, तीही स्टुअर्टबरोबर निम्मी-निम्मी. त्याचे बरेचसे खटले देण्याघेण्याचेच. आयुष्यभरात त्याने चालवलेल्या पाच हजारांवर खटल्यांपैकी निम्म्याहून जास्त कर्जवसुलीशी संबंधित होते. कधी तो धनकोच्या बाजूने, कधी ऋणकोच्या. बेरीच्या अनुभवाने भागीदारीच्या पैशाबाबत मात्र तो कायमचा शहाणा झाला असावा. पुढचा भागीदार विल्यम हर्नडन सांगतो की, फी हातात पडली की लिंकन लगेच दोन वाटे करायचा आणि हर्नडनचा वाटा कागदात गुंडाळून वर नाव लिहून ठेवायचा.

इथे एक विसंगती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्वतःच्या ११०० डॉलरसाठी जिवाचं रान करणाऱ्या या माणसाने आमदार म्हणून १८३७ मध्ये रेल्वे, कालवे आणि रस्त्यांसाठी राज्याने १ कोटी डॉलर उभारण्याच्या योजनेला जोरदार पाठिंबा दिला. त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली. कामं अर्धवट राहिली, राज्य कर्जात बुडालं आणि काही वर्षांत व्याज द्यायलाही पैसे उरले नाहीत. ते कर्ज फिटायला १८८० चं दशक उजाडलं. न्यू सेलमच्या दुकानात केलेली चूकच पुन्हा, फक्त शून्यं जास्त.

४ नोव्हेंबर १८४२ ला त्याचं मेरी टॉडशी लग्न झालं. मेरी श्रीमंत घरातली, दासदासींत वाढलेली. संसार थाटला तो आठवड्याला ४ डॉलर भाड्याच्या, जेवणासकट मिळणाऱ्या लॉजमधल्या एका खोलीत. पहिलं मूल तिथेच झालं. १८४४ मध्ये त्यांनी १५०० डॉलरचं घर घेतलं. लिंकनच्या आयुष्यातलं स्वतःच्या मालकीचं हे एकच घर.

त्याच दरम्यान अमेरिकेच्या सरकारने दिवाळखोरीचा नवा कायदा केला होता. कर्जात बुडालेल्या माणसाने कोर्टात जायचं, आपली मालमत्ता उघड करायची, ती धनकोंत वाटून द्यायची आणि उरलेल्या कर्जातून मोकळं व्हायचं. १८४२-४३ मध्ये लिंकन आणि त्याचा तेव्हाचा भागीदार स्टीफन लोगन यांनी अशी ७७ प्रकरणं चालवली. म्हणजे कायद्याचा आधार घेऊन कर्जातून सुटणाऱ्याला लिंकन वाईट मानत नव्हता, उलट त्यांचे अर्ज तोच लिहून देत होता. स्वतः मात्र त्याने त्या कायद्याचा आधार घेतला नाही. चिठ्ठ्या एकेक करून सोडवत राहिला.

१८४७ मध्ये तो वॉशिंग्टनला खासदार म्हणून गेला. हर्नडनने लिहून ठेवलंय की १८४८ मध्ये खासदारकीच्या पगारातून लिंकन जुन्या कर्जासाठी पैसे पाठवत होता, आणि त्यावरच ते फिटलं. दुकान घेतलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता, शेवटचं देणं दिलं तेव्हा ३९ चा.

त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्या सावत्रभावाने, जॉन जॉन्स्टनने, ८० डॉलर मागितले. याआधीही त्याने बरेचदा मागितले होते आणि लिंकनने दिले होते. या वेळी लिंकनने पत्र लिहून नाही म्हटलं. तू आळशी नाहीस पण दिवसभर मन लावून काम करत नाहीस, असं सरळ सुनावलं. मग एक तोड काढली. आता बाहेर कुणाकडे तरी मजुरीला लाग, १ मेपर्यंत जितके डॉलर कमावशील तितकेच मी वरून घालीन. महिना १० मिळाले तर माझे १०, म्हणजे २० होतील. माझ्या नावावर जमीन लिहून देऊन ८० डॉलर घेण्याच्या गोष्टी करू नकोस, अशा अर्थाचंही त्यात होतं. भावाने फारसं ऐकल्याचं दिसत नाही. १८५१ मध्येही लिंकन त्याला अशीच समजूत घालणारी पत्रं लिहीत होता.

न्यू सेलम गाव तोवर उठून गेलेलं. जवळच पीटर्सबर्ग नावाचं नवं गाव वसलं, तालुक्याचं ठिकाण झालं आणि लोक घरं सोडून तिकडे गेले. पीटर्सबर्गचे रस्ते आणि प्लॉट १८३६ मध्ये आखून दिले होते ते लिंकननेच.

१८५७ मध्ये हॅना आर्मस्ट्राँगचा मुलगा डफ खुनाच्या आरोपात सापडला. जॅक वारलेला, हॅना विधवा. लिंकन आता राज्यातला बडा वकील होता. निरोप कळताच तो धावून गेला. मे १८५८ मध्ये बिअर्ड्सटाउनच्या कोर्टात मुख्य साक्षीदाराने सांगितलं की रात्री अकराच्या सुमारास, लख्ख चांदण्यात, डफला मारताना मी पाहिलं. लिंकनने त्याच्याकडून हे पुन्हापुन्हा वदवून घेतलं आणि मग पंचांग काढलं. त्या रात्री त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. डफ सुटला. हॅना फीचं विचारायला गेली तेव्हा लिंकनने एक पैसाही घेतला नाही.

जिमीकाका शॉर्ट पुढे कॅलिफोर्नियाला गेला होता आणि तिथे त्याची परिस्थिती बिकट झाली होती. राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंकनच्या कानावर हे आलं. काही दिवसांनी शॉर्टच्या हातात वॉशिंग्टनहून कागद पडला, राउंड व्हॅली इथल्या आदिवासी वसाहतीवर सरकारी अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली होती. शॉर्टने अर्ज वगैरे काही केलेला नव्हता.